सर्व्हर रीस्टार्ट केला आणि डिस्कचं नावच बदललं! असं का होतं?

समजा, एका ऑफिसच्या सर्व्हरमध्ये चार हार्डडिस्क बसवल्या आहेत. पण त्यावरच्या लिनक्सला विचारलं, तर ते सांगतं, डिस्क एकच आहे! मग बाकीच्या तीन गेल्या कुठे?

ही करामत असते हार्डवेअर रेड कंट्रोलरची. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या तीन संशोधकांनी रेडवरचा शोधनिबंध मांडला. अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडायच्या, म्हणजे एखादी बिघडली तरी डेटा वाचतो. कंट्रोलर ही जोडणी स्वतः सांभाळतो आणि ऑपरेटिंग सिस्टीमला एकच मोठी डिस्क दाखवतो.

या डिस्कचं नाव ठरतं ड्रायव्हरवरून. एचपीच्या स्मार्ट ॲरे कंट्रोलरचंच बघा. लिनक्समधला जुना ‘सीसीआयएसएस’ ड्रायव्हर ‘सी०डी०’ असं नाव द्यायचा. म्हणजे कंट्रोलर क्रमांक शून्य, डिस्क क्रमांक शून्य. त्याच्या जागी ‘एचपीएसए’ ड्रायव्हर आला आणि नाव झालं ‘एसडीए’. डिस्क तीच, नाव नवं! सेटिंगमध्ये जुनंच नाव राहिलं असेल, तर अपग्रेडनंतर सर्व्हर सुरू होताना अडकू शकतो.

‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावंही कायमची नसतात. ते रांगेतले नंबर आहेत. जी डिस्क आधी सापडेल, तिला आधीचं अक्षर. नवा कंट्रोलर बसवला किंवा नुसतं रीस्टार्ट केलं, तरी रांग बदलू शकते.

खरा धोका इथेच आहे. कालची ‘एसडीबी’ समजून आज भलतीच डिस्क फॉरमॅट केली, तर? रेड इथे वाचवत नाही. तुम्ही दिलेली पुसण्याची आज्ञा कंट्रोलर सगळ्या डिस्कवर इमानेइतबारे पाळतो.

मग उपाय काय? सेटिंगमध्ये यूयूआयडी वापरा. फाइल सिस्टीम तयार होताना तिला मिळणारा हा १२८ बिटचा ओळख क्रमांक. रांगेतली जागा बदलली, तरी आधार क्रमांक बदलत नाही, तसंच हे.

आणि फॉरमॅट करण्याआधी डिस्कचा आकार आणि सीरियल नंबर जुळवून बघा. बॅकअप तर वेगळा हवाच. कारण रेड म्हणजे बॅकअप नव्हे.