संगणक-जाळ्याची नाडीपरीक्षा
१९८२ साली स्थापन झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातील धानोऱ्यासारख्या वनव्याप्त तालुक्यात संगणक-जाळे बंद पडले, की दाखल्यासाठी पायपीट करून आलेल्या ग्रामस्थास रिकाम्या हाताने परतावे लागते. म्हणूनच जाळ्यावर अहोरात्र देखरेख आवश्यक ठरते.

नियंत्रण केंद्रातील संगणक प्रत्येक यंत्रास ठराविक वेळाने संदेश धाडतो. उत्तरास विलंब होऊ लागणे ही बिघाडाची पूर्वसूचना होय. उत्तरच न आल्यास दोष विजेचा की केबलचा, हे प्रथम तपासले जाते.

काचतंतू तुटला असल्यास त्यात सोडलेला प्रकाश तुटीपासून परत फिरतो. तंतूत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असतो. सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात तो परतला, तर तूट केबलच्या १० व्या किलोमीटरवर आहे, असे समजावे. त्यामुळे रानात शोधाशोध न करता दुरुस्तीपथक नेमक्या जागी पोहोचू शकते.