कुंपण कुजतं ते वीतभर जागेत

कोकणात सात-आठ पावसाळे काढलेला कुंपणाचा लाकडी खांब उपटून अंगणात आडवा ठेवला, की लाकूड नेमकं कुठे हरतं ते दिसतं. वरचा चार फूट भाग करडा पडलेला आणि भेगाळलेला असतो, पण हातोडीने ठोकला तर खणखणीत वाजतो. जमिनीत खोल गेलेलं टोकही बऱ्याचदा शाबूत असतं. या दोहोंच्या मधे, मातीच्या पातळीला, वीतभर उंचीत मात्र खांब चहूबाजूंनी खंगलेला असतो. नखाने ओरबाडलं तरी तंतू सुटून येतात. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला पाणी, हवा आणि ऊब या तिन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. वर वारा लाकूड सुकवतो. खोलवर ओल असते, पण हवा अपुरी. ही वीतच अशी की तिथे माती ओल पुरवते आणि हवाही मिळते. लाकडी कुंपण घालू पाहणारा मात्र पहिला प्रश्न विचारतो तो ‘लाकूड कुठलं घेऊ?’ हा. माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. त्या वीतभर जागेचं काय करणार, हे आधी ठरलं पाहिजे. जात, रंग, खर्च हे सगळं त्यानंतर.

हवामानच असं आहे की दुसरा मार्ग नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत राहिलं, तर बुरशीची चिंता नसते. पण आषाढ-श्रावणातली हवाच इतकी दमट, की छपराखालचं, पाऊस न लागलेलं लाकूडसुद्धा त्या मर्यादेच्या जवळ पोचतं. उघड्यावरच्या कुंपणाचं तर विचारूच नका. शिवाय या दिवसांत तापमान पंचवीस-तीस अंशांच्या आसपास, म्हणजे बुरशीला हवं तेवढंच. थंड प्रदेशात हिवाळा तरी तिला थोपवतो. इथे ती उसंतही नाही. तेव्हा लाकूड भिजू न देणं आपल्या हातात नाही. भिजलेलं लाकूड लवकर सुकेल अशी व्यवस्था करणं आहे.

आता जात. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेने ६० सेंटिमीटर लांब आणि ५ बाय ५ जाडीचे तुकडे अर्धे मातीत पुरून, ते किती दिवस तग धरतात हे जातवार पाहिलं. भारतीय मानकातली टिकाऊपणाची प्रतवारी त्यावरच उभी आहे: सरासरी १२० महिने वा त्याहून जास्त टिकलं तर वरची प्रत, ६० ते १२० महिने मधली, त्याखाली शेवटची. सागाचा गाभा वरच्या प्रतीत बसतो, आंबा शेवटच्या. पण ही प्रतवारी गाभ्याची आहे, हे दुकानात कुणी सांगत नाही. सालीलगतचं फिकट लाकूड कुठल्याही झाडाचं असो, नाशवंतच. विरळणीत तोडलेल्या कोवळ्या सागाच्या बल्ल्या ‘सागवान’ म्हणून विकल्या जातात, त्यांत गाभा जेमतेम असतो. असा खांब मातीत आंब्याच्या खांबापेक्षा फारसा जास्त जगत नाही. त्यात साग, खैर, ऐन, किंजळ ही सगळी झाडं १९६४च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, म्हणजे स्वतःच्या परड्यातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. पडक्या घराचे जुने वासे मिळाले तर त्यांच्यासारखा माल नाही.

यावर कुणी म्हणेल, रसायन पाजलेले सुरूचे किंवा निलगिरीचे खांब घेतले की झालं. म्हणणं रास्त आहे. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं जगभर वापरलं गेलेलं मिश्रण १९३३ मध्ये देहरादूनलाच सोंटी कामेसन यांनी शोधलं. इथे गंमत अशी, की फिकट लाकूड रसायन भराभर पितं आणि गाभा जवळपास नाकारतो. म्हणून दाबाखाली रसायन भरायचं असेल तर एरवी टाकाऊ ठरणारा खांबच चांगला. पण आर्सेनिकमुळे अमेरिकेत २००३ अखेर हे मिश्रण घरगुती वापरातून मागे घेण्यात आलं. भाजीच्या वाफ्याला लागून असा खांब रोवू नये, आणि त्याचे तुकडे चुलीत तर मुळीच घालू नयेत. ब्रशने वरवर फासलेलं रसायन ही वेगळीच गोष्ट. ते लाकडात शिरतच नाही आणि पहिल्या भेगेपाशी निकामी होतं.

ऑइलपेंटबद्दलचा आग्रह मला समजत नाही. रंगाचा पापुद्रा अखंड असेतो पाणी बाहेर ठेवतो, पण उघड्यावरचं लाकूड फुगतं-आक्रसतं, पापुद्रा तडकतो, आणि मग आत गेलेलं पाणी तोच कोंडून धरतो. तेल निदान सोलवटत नाही. काजूच्या टरफलाचं तेल होड्यांना लावतात ते उगाच नव्हे. कातडीला लागलं तर भाजतं, तेव्हा हातमोजे घालून लावावं. खांबाभोवती काँक्रीट ओतायची रीतही तशीच घातक. लाकूड सुकून आक्रसलं की काँक्रीट आणि खांब यांत फट पडते, पावसाचं पाणी तिच्यात उतरतं आणि तिथेच राहतं. सगळ्यांत चांगलं म्हणजे लाकूड मातीत घालूच नये: जांभ्याच्या चिऱ्यांचा किंवा काँक्रीटचा हातभर बुंधा उभारून, त्यात बसवलेल्या गॅल्व्हनाइज्ड पट्ट्यांना खांब बोल्टने जखडावा, माती आणि लाकूड यांत चार बोटं मोकळी ठेवून. वाळवीलाही मग उघड्यावरून मातीची नळी बांधत चढावं लागतं, आणि ती नळी डोळ्यांना दिसते.

खारी हवा लाकडापेक्षा लोखंडाची वैरी. साधा खिळा गंजला की त्याच्याभोवतीचं लाकूडही काळं पडून भुसभुशीत होतं. फळी लोंबते ती बहुधा कुजून नव्हे, खिळा सुटून. समुद्राजवळ स्टेनलेस स्टीलचे स्क्रू महाग वाटले तरी तेच घ्यावेत. सिमेंटचे खांब आणि काटेरी तार हा स्वस्त पर्याय सांगणाऱ्यांनीही हाच गंज हिशेबात धरावा. पातळ खांबातली सळई फुगून सिमेंट फोडते, तार तर त्याआधीच जाते.

‘पूर्वीची वई बरी टिकायची’ असं म्हणतात, ते खरं नाही. पाऊस सरला की ती नव्याने घालायची हाच शिरस्ता होता. चिव्याच्या काठ्या आणि करवंदीच्या फांद्या वर्षभर पुरल्या की काम झालं. टिकायचा तो जांभ्याचा गडगा, आणि जगायचा तो शेर किंवा निर्गुडी. आजही कुंपण लांबलचक असेल, तर पावसाच्या तोंडावर गिरिपुष्पाचे खुंट रोवून त्यांनाच आडव्या काठ्या बांधणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं: जिवंत खांब कुजत नाही, आणि पाला भातशेतीला खत म्हणून येतो. छाटणीचा कंटाळा असेल त्याने त्या वाटेला जाऊ नये. माकडांना यातलं कुठलंच कुंपण अडवत नाही, तो विषय निराळा.

देखभाल वर्षातून दोनदा. मे महिन्यात बुंध्याशी साठलेला पातेरा आणि माती ओढून काढायची, वेली तोडायच्या, वाळवीच्या नळ्या मोडायच्या. दिवाळीनंतर, लाकूड चांगलं सुकल्यावर तेल, तेही आधी खांबाच्या वरच्या कापाला आणि जोडांना, मग बाकी अंगाला. प्रत्येक खांबाला खालच्या बाजूने स्क्रूड्रायव्हर टोचून पाहायचा. सहज आत गेला तर तो खांब बदलायचा, शेजारचे उगाच बदलायचे नाहीत. आणि सागाचा म्हणून नवा खांब घेताना आधी त्याचं कापलेलं टोक पाहा. कडेचा फिकट पट्टा बोटभर जाडीचा असेल तर दुकानदार काहीही म्हणो, तो खांब परत करा.