नुसत्या फ्यूजवर विसंबू नका

घरी बनवलेल्या पॉवर सप्लायच्या दोन वायरी एकमेकींना चिकटल्या, तर अनेकदा फ्यूज वितळण्याआधीच मुख्य ट्रान्झिस्टर जळतो. तो वाचवायला एक छोटा ट्रान्झिस्टर आणि एक रेझिस्टर पुरतो. मुख्य ट्रान्झिस्टरच्या एमिटरनंतर, करंटच्या वाटेत, ०.६ ओहम आणि २ वॅटचा रेझिस्टर घालायचा. छोट्याचे बेस आणि एमिटर या रेझिस्टरच्या दोन टोकांना, कलेक्टर मुख्याच्या बेसला. करंट १ अँपिअरच्या आसपास पोचला की रेझिस्टरवर साधारण ०.६ व्होल्ट पडतात, छोटा ट्रान्झिस्टर चालू होतो आणि मुख्याच्या बेसचा करंट स्वतःकडे वळवतो. १.२ ओहम घातला तर मर्यादा अर्ध्या अँपिअरवर येते.

खरी अडचण उष्णतेची. १८ व्होल्ट घेऊन १२ व्होल्ट देताना, १ अँपिअरला ट्रान्झिस्टरवर ६ वॅटचा भार असतो. शॉर्ट झाल्यावर तोच जवळपास १८ वॅट होतो. हीटसिंक या दुसऱ्या आकड्यावरूनच निवडा. २एन३०५५ हा ट्रान्झिस्टर कितीही दणकट असला तरी हीटसिंकशिवाय इतका भार सोसत नाही.

एलएम३१७ या आयसीत करंट-मर्यादा आणि फार तापल्यास बंद होण्याची सोय आतच असते. नवशिक्यांनी तिथूनच सुरुवात करावी. ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूला फ्यूज मात्र हवाच.