काणीच्या बुरशीला हिरवा दिवा

उसाच्या शेंड्यातून काळा चाबूक बाहेर पडला, की काणी आली हे पोरसुद्धा सांगेल. पण त्याआधी दोन-चार महिने बुरशी उसाच्या आतच मुक्काम करून असते. बाहेरून रान हिरवेगार. असल्याच प्लॉटचे बेणे आपण शेजाऱ्याकडून विश्वासाने आणतो आणि रोगही त्याच गाडीतून घरी येतो. खोडव्यात तर तो जास्तच उठतो. मग चाबूक निघेपर्यंत ही बुरशी उसात असते कुठे?

हे पाहण्यासाठी शास्त्रज्ञांनी बुरशीलाच दिवा बांधला. दिवा आला समुद्रातून! जेलीफिश नावाच्या बिलबिलीत जिवातले हिरवे चमकणारे प्रथिन ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ साली वेगळे केले. मार्टिन चाल्फी यांनी १९९४ साली त्याचे जनुक दुसऱ्या जिवांत घालून तेही चमकवून दाखवले. १९९६ साली जर्मनीत रेगिने कामान आणि सहकाऱ्यांनी ते मक्याच्या काणीत बसवले. ही आपल्या काणीची चुलत बहीणच.

बुरशीच्या पेशीची भिंत विरघळवायची, जनुक आत सोडायचे आणि भिंत पुन्हा धरू द्यायची. थोड्याच पेशी ते पकडतात, पण एकदा बसले की पुढच्या पिढ्याही चमकतात. वरून लावलेल्या रंगासारखे ते वाढीबरोबर फिके होत नाही. निळ्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचा धागा हिरवा दिसतो आणि पानाचे हरितद्रव्य तांबडे, अशी उलटी गंमत! खूण केलेली बुरशी मूळच्या इतकाच रोग करते ना, हे मात्र आधी तपासावे लागते.

पुढे चीनमध्ये उसाच्या काणीवरही हीच रीत वापरली गेली. काणीची काजळी रुजली की तिच्यातून बारीक पेशी निघतात. त्या एकेकट्या निरुपद्रवी. नर-मादीसारख्या दोन जुळल्या, की धागा बनतो, डोळ्यात शिरतो आणि कोंबाच्या वाढत्या टोकाशी बसतो. प्रतिकारक जातीत हा धागा कुठे अडतो, ते आता चाबकाची वाट न बघता दिसते. नवी जात निवडणाऱ्याला याचे फार मोल आहे.

ही बुरशी रानात सोडतात काय? मुळीच नाही. आपल्या देशात १९८९ च्या नियमांप्रमाणे परवानगीशिवाय ती प्रयोगशाळेबाहेर काढता येत नाही.

आपल्या रानातल्या काणीला मात्र दिवा नाही. म्हणून बेणे मळ्यातलेच घ्यावे, पायाभूत बेण्याला ५४ अंश सेल्सिअसच्या बाष्पयुक्त उष्ण हवेची अडीच तास प्रक्रिया झाली आहे का, ते विचारावे. चाबूक दिसला तर त्यावर आधी पिशवी चढवा, मग बेट मुळासकट काढून जाळा. नुसता ओढू नका, काजळी साऱ्या रानात उडते.