न दिसणारे संकट आणि भरवशाची बातमी



शेतकऱ्याचे शहाणपण त्याच्या डोळ्यांत, नाकात आणि बोटांत असते. पोंगा ओढून वास घेतला की खोडकीड लागली हे त्याला कळते. कांडे उभे चिरून आतला लाल रंग पाहिला की कूज आली हे सांगायला कोणी साहेब लागत नाही. पण एक संकट असे आहे की ज्यापुढे डोळा, नाक, जीभ, सगळे हात टेकतात. अणुवीज केंद्रात अपघात झाला आणि किरणोत्सारी द्रव्य हवेत सुटले, तर त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पालक तसाच हिरवागार, दूध तसेच पांढरे. अशा वेळी माणसाला डोळे असतात ते फक्त बातमीचे. आणि बातमीच खोटी, अर्धी किंवा उशिरा आली तर काय होते, याचा जपानमधला हिशेब आपण शेतकऱ्यांनी बघण्यासारखा आहे.

11 मार्च 2011 रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर मोठा भूकंप झाला आणि पाठोपाठ त्सुनामी आली. समुद्रकाठच्या फुकुशिमा दाइइची केंद्राची वीज गेली, थंड पाण्याचे पंप बंद पडले आणि अणुभट्ट्या तापत गेल्या. सरकारने त्या संध्याकाळी 3 किलोमीटरच्या आतल्या लोकांना हलवले, दुसऱ्या दिवशी पहाटे 10 आणि संध्याकाळी 20 किलोमीटरच्या. शेजारच्या नामिए गावाला आपण निघायचे आहे हे कळले ते दूरदर्शनवरून! वीज कंपनीचा निरोप नाही, सरकारचा नाही. गावाच्या प्रमुखांनी विचार केला की केंद्रापासून जितके लांब तितके बरे, आणि हजारो लोकांना डोंगराकडच्या त्सुशिमा या वस्तीत नेले. वायव्येला, सुमारे 30 किलोमीटरवर. थंडी होती, माणसे दाटीवाटीने राहिली. बायकांनी उघड्यावर भात शिजवला, पोरे अंगणात खेळली.

15 मार्चला वारा नेमका वायव्येकडे वळला आणि संध्याकाळी पाऊस-बर्फ पडून हवेतले सारे द्रव्य त्याच बाजूच्या जमिनीवर बसले. म्हणजे लोक सुरक्षित जागा म्हणून जिथे गेले, तीच जागा सगळ्यांत वाईट ठरली.

आता खरी गोम पुढेच आहे. वारा कुठे वाहील आणि द्रव्य कुठे पडेल याचा अंदाज काढणारी संगणक यंत्रणा जपान सरकारजवळ होती. तिचे नाव ‘स्पीडी’. तिचे नकाशे तासातासाला निघत होते. 14 मार्चला ते अमेरिकन सैन्याकडे पोचले, जपानी जनतेला मात्र पहिल्यांदा दिसले 23 मार्चला. अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की, भट्टीतून किती द्रव्य सुटले याचा आकडाच नव्हता, सगळे गृहीत धरून काढलेले नकाशे होते, ते दाखवले असते तर घबराट झाली असती. यात तथ्य अगदीच नाही असे नाही. पुढे 2014 साली जपानच्या अणुनियमन मंडळानेच, लोकांना हलवण्याचा निर्णय या अंदाजावर घ्यायचा नाही असे ठरवले. पण अंदाज कच्चा आहे एवढे सांगून तो दाखवायला काय हरकत होती? हवामान खाते रोज तेच करते. पावसाचा अंदाज चुकतो म्हणून आपण तो ऐकायचा सोडत नाही. नामिएचे प्रमुख तामोत्सु बाबा पुढे म्हणाले की ही माहिती दाबणे म्हणजे खून करण्यासारखेच होते. शब्द कडक आहे, पण ज्याच्या गावाची पोरे त्या अंगणात खेळली त्याने दुसरा कोणता वापरावा?

शब्दांचाही एक खेळ चालला होता. भट्टीतले इंधन वितळले, ही गोष्ट कंपनीने मान्य केली मे महिन्यात. 2016 साली कंपनीच्या अध्यक्षांनी जाहीर माफी मागितली, कारण आधीच्या अध्यक्षांनीच ‘इंधन वितळले’ हा शब्द वापरायचा नाही अशी सूचना दिली होती, हे चौकशीत निघाले. ‘आरोग्याला तात्काळ धोका नाही’ हे वाक्य तर जपानी माणसाच्या कानाला इतके परिचयाचे झाले की ऐकले की तो आधी ‘तात्काळ’ या शब्दापाशी थांबायचा.

मग वार्ताहर काय करत होते? मिनामिसोमा हे 70,000 वस्तीचे शहर. त्याचा काही भाग 20 ते 30 किलोमीटरच्या पट्ट्यात आला. तिथल्या लोकांना हुकूम होता, घरातच बसा. मोठ्या वृत्तसंस्थांनी आपली माणसे त्या पट्ट्यातून बाहेर काढली. मालट्रकवाले येईनात, पेट्रोल संपले, दुकाने बंद. महापौर कात्सुनोबु साकुराई यांनी शेवटी 24 मार्चला स्वतःच कॅमेऱ्यापुढे बसून जगाला विनवणी केली, त्यात त्यांची एक तक्रार अशी होती की वार्ताहर फोनवरून माहिती घेतात, प्रत्यक्ष कोणी येत नाही.

याच्या पंचवीस वर्षे आधी, 26 एप्रिल 1986 रोजी, तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिलमध्ये हेच याहून वाईट घडले होते. 28 तारखेला 1,100 किलोमीटरवरच्या स्वीडनमधील फोर्समार्क केंद्रात एका कामगाराच्या बुटांवर यंत्र वाजले, तेव्हा जगाला शंका आली. त्या रात्री मॉस्कोच्या दूरदर्शनवर चार-दोन वाक्ये सांगितली गेली. 1 मे रोजी कीव शहरात मुलाबाळांसह संचलन झाले. खेड्यांत मात्र गायी चरत होत्या आणि दूध काढले जात होते. किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडते, गाय ते खाते, दुधात उतरते, आणि दूध पिणाऱ्या मुलांच्या गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत जाऊन बसते. हे आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मे होत जाते. दोन-अडीच महिन्यांत जवळजवळ संपते. पहिले काही आठवडे ते दूध मुलांना दिले नसते तर पुष्कळ काही टळले असते. 2005 पर्यंत त्या भागात, लहानपणी तो मारा झालेल्यांमध्ये, थायरॉईड कर्करोगाचे 6,000 हून अधिक रुग्ण निघाले. बातमीची किंमत एवढी असते.

जपानने या एका बाबतीत चेर्नोबिलपासून धडा घेतला होता. 19 मार्चला सरकारने जाहीर केले की फुकुशिमाच्या दुधात मर्यादेपेक्षा जास्त आयोडीन सापडले, आणि दोन दिवसांत दूध बाहेर पाठवणे बंद झाले. शेतकऱ्यांनी डोळ्यांत पाणी आणून कॅनच्या कॅन ओतून दिले. टोकियोच्या कानामाची जलशुद्धीकरण केंद्रात 22 मार्चला लिटरमागे 210 बेकेरेल आयोडीन निघाले. (एक बेकेरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणे.) दुसऱ्या दिवशी पालिकेने आकडा सांगितला, जागा सांगितली, तान्ह्या मुलांसाठी मर्यादा 100 आणि मोठ्यांसाठी 300 हेही सांगितले, बाळांना हे पाणी देऊ नका म्हटले, त्यांच्या घरी बाटल्या पोचवल्या. पुढच्या दिवशी आकडा 79 वर आला, तोही सांगितला. दुकानांतल्या बाटल्या संपल्या हे खरे, पण ही बातमी म्हणजे भरवशाची बातमी कशी असते याचा नमुनाच आहे.

आपल्यापैकी कोणी ‘तुमचा ऊस बराच भरला बरं का’ एवढ्यावर घरी जातो का? काट्याची पावती हातात लागते. गाडी नंबर, तारीख, वेळ, भरलेले वजन, रिकामे वजन, आणि कोणाची सही. किरणोत्साराच्या बातमीलाही हीच पावती मागावी. कुठे मोजले, केव्हा मोजले, कशात मोजले (हवेत, पाण्यात की दुधात), कोणी मोजले, आणि नेहमी किती असते. ‘प्रचंड किरणोत्सर्ग’ ही पावती नव्हे. ‘काळजीचे कारण नाही’ हीसुद्धा नव्हे.

पावती असली तरी काटा दुरुस्त आहे का हे पाहावे लागतेच. 27 मार्चला खुद्द वीज कंपनीने जाहीर केले की दोन नंबरच्या भट्टीजवळच्या पाण्यात नेहमीच्या एक कोटी पट किरणोत्सार आहे. जगभर मथळे झाले. मग कळले की हिशेब चुकला, आकडा एक लाख पट होता. तोही काही थोडका नव्हे म्हणा! म्हणूनच तिथे पुढे एकाच काट्यावर विसंबायचे नाही ही रीत पडली. क्योतो विद्यापीठाचे तेत्सुजी इमानाका यांच्यासारखे संशोधक मार्च अखेरीस इताते गावात स्वतः जाऊन मोजून आले; हे गाव 30 किलोमीटरच्या बाहेर होते आणि तरीही तिथली माती गंभीर निघाली. एप्रिलमध्ये सरकारनेही ते गाव रिकामे करण्याचे ठरवले. ‘सेफकास्ट’ नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने गाड्यांना मोजणीयंत्रे बांधली आणि रस्तोरस्तीचे आकडे सर्वांसाठी खुले केले. सरकारचा आकडा, विद्यापीठाचा आकडा आणि स्वयंसेवकांचा आकडा शेजारी ठेवून जुळतो का ते लोक पाहू लागले.

अफवांचे पीक मात्र सगळीकडे जोमात आले. फिलिपाइन्समध्ये 14 मार्चला बीबीसीच्या नावाने खोटा संदेश मोबाइलवरून फिरला, की पाऊस पडला तर घरात बसा, गळ्याला बेटाडीन लावा. मनिलाच्या एका विद्यापीठाने त्यावरून वर्गही सोडून दिले. चीनमध्ये आयोडीनयुक्त मिठाने बचाव होतो अशी आवई उठली आणि लोकांनी मिठाच्या पिशव्यांसाठी रांगा लावल्या. मिठात आयोडीन इतके नाममात्र असते की त्याने ग्रंथीचे रक्षण व्हायचे तर किलोकिलोने मीठ खावे लागेल! भीतीचेही बळी जातात, हे विसरून चालणार नाही. फुकुशिमा जिल्ह्यात स्थलांतर, हालअपेष्टा, तुटलेले औषधपाणी यांमुळे 2,000 हून अधिक माणसे दगावली, त्यांत बहुतेक वृद्ध.

आपला ऊसपट्टा तारापूरपासून दूर आहे, म्हणून हा विषय आपला नाही असे कोणी म्हणेल. चेर्नोबिलनंतर युरोपातून मदत म्हणून आलेले 200 टन आयरिश लोणी मुंबईत पोचले, तेव्हा ते खाण्यालायक आहे का यावरून लोक उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली, अणुऊर्जा नियामक मंडळाने 27 ऑगस्ट 1987 ला ठरवलेल्या मर्यादेच्या आतले पदार्थ सुरक्षित असल्याचा तिचा अभिप्राय घेतला, आणि 1988 साली निकाल दिला. निकाल कोणाला पटला, कोणाला नाही. पण प्रश्न विचारणाऱ्यांमुळे मोजणी आणि मर्यादा चव्हाट्यावर आली हे नक्की. आपल्याकडे असा प्रसंग आलाच, तर केंद्राच्या कुंपणाबाहेरची सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात. निरोप त्यांच्याकडून आणि आकाशवाणीवरून आला तर तो धरायचा. मोबाइलवर पुढे ढकललेला, तारीख नसलेला मजकूर तिथेच थांबवायचा. आयोडीनच्या गोळ्या सांगितल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. जनावरे छपराखाली, वैरण झाकलेली, पाण्याची टाकी झाकलेली, एवढे मात्र कोणाची वाट न पाहता करता येते.

वैरणीवरून एक गोष्ट सांगायची राहिली. 19 मार्चलाच जपानच्या कृषी खात्याने गोपालकांना कळवले होते की उघड्यावरची वैरण घालू नका. पण भाताचा पेंढा विकणारे होते भातशेतकरी, त्यांना तो कागद गेलाच नाही. शेतात पडलेला पेंढा विकला गेला, गुरांनी खाल्ला आणि जुलैमध्ये दूषित गोमांस बाजारात सापडले. निरोप गेला होता हो, पण चुकीच्या दारी.

भाताचेही तेच होऊ घातले होते. 12 ऑक्टोबर 2011 ला फुकुशिमाच्या राज्यपालांनी नमुने तपासून तांदूळ सुरक्षित असल्याचे जाहीर केले. महिनाभरात ओनामी भागातल्या तांदळात किलोमागे 630 बेकेरेल सीझियम निघाले, तेव्हाची मर्यादा 500 होती. सगळ्या जिल्ह्याच्या तांदळाचे नाव गेले, ज्याचा चांगला होता त्याचेही. मग शेतकरी, त्यांच्या सहकारी संस्था आणि सरकार यांनी ठरवले की नमुना नको, प्रत्येक पोते मोजायचे. सुमारे 200 यंत्रे आणली. 2012 पासून 30 किलोचे प्रत्येक पोते पट्ट्यावरून यंत्राखाली जायचे आणि पास झाले की त्यावर क्रमांकाची चिठ्ठी लागायची. मर्यादाही आता 100 वर आणली होती. पहिल्या वर्षी 1 कोटीहून अधिक पोत्यांत मर्यादेबाहेर गेली फक्त 71, आणि 2015 च्या पिकापासून एकही नाही. शेतात पोटॅश टाकल्याने पिकात सीझियम कमी उतरते, त्याचाही यात वाटा होता. भाव मात्र लगेच आला नाही. पुष्कळ तांदूळ बरीच वर्षे गावाचे नाव न सांगता हॉटेल-खानावळींत जात राहिला. 2020 च्या पिकापासून बहुतेक भागात पुन्हा नमुना तपासणी सुरू झाली. केंद्राजवळच्या ज्या गावांत माणसे उशिरा परतली, तिथे मात्र प्रत्येक पोते पट्ट्यावरून जाणे तेव्हाही चालूच राहिले.