नोकरी हवी? मग पासवर्ड द्या!

अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या तुरुंग खात्यातील एका कर्मचाऱ्याने आईच्या निधनामुळे २०१० मध्ये रजा घेतली होती. पुन्हा सेवेत येण्यासाठी त्याने अर्ज केला, तेव्हा रीतसर मुलाखत झाली. नेहमीच्या प्रश्नांबरोबर मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याने फेसबुकवर खाते आहे का, असे विचारले आणि होकार मिळताच त्या खात्याचा पासवर्ड मागितला. कर्मचारी गोंधळला, पण नोकरी हातची जाईल या भीतीने त्याने तो सांगून टाकला. मग समोर बसलेल्या अधिकाऱ्याने त्याचे खाते उघडून त्यातील मजकूर, त्याच्या मित्रांनी व नातेवाइकांनी लिहिलेला मजकूरही, त्याच्या देखतच वाचून काढला.

ही घटना जगासमोर आली ती अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्क संघटनेने जानेवारी २०११ मध्ये खात्याला पाठविलेल्या पत्रामुळे. पत्राचा परिणाम झाला. खात्याने ४५ दिवसांसाठी ही पद्धत थांबवली आणि नंतर ती जरा निराळ्या रूपात आणली. पासवर्ड मागायचा नाही. उमेदवाराने स्वतःच खाते उघडावे आणि अधिकाऱ्याने त्याच्या खांद्यावरून पाहावे. हे सारे 'ऐच्छिक' असल्याचेही जाहीर करण्यात आले. मुलाखतीला आलेल्या गरजू माणसासाठी 'ऐच्छिक' या शब्दाला कितपत अर्थ उरतो, हा वादाचा मुद्दा तिथून सुरू झाला आणि तो अद्याप संपलेला नाही.

खात्याची बाजू अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. कैद्यांच्या टोळ्यांशी संबंध असलेले लोक पहारेकरी म्हणून आत शिरतात, अशी त्याची भीती होती. ती खरी असल्याचे पुढे दिसलेही. एप्रिल २०१३ मध्ये बाल्टिमोर शहरातील तुरुंगात एका टोळीला मोबाइल व अमली पदार्थ पुरविल्याच्या आरोपावरून केंद्रीय यंत्रणांनी २५ जणांवर आरोपपत्र ठेवले. त्यांत १३ महिला तुरुंग कर्मचारी होत्या. मात्र त्या प्रकरणाचा उलगडा दूरध्वनीवरील संभाषणे टिपून झाला होता, उमेदवारांची फेसबुक खाती चाळून नव्हे. खात्याच्याच आकडेवारीनुसार २,६०० हून अधिक अर्जदारांची तपासणी झाली आणि समाजमाध्यमांवरील मजकुरामुळे नाकारले गेले ते अवघे ७ जण. हजारो लोकांच्या खासगी पत्रव्यवहारात डोकावण्याचे हे मोल कसे ठरवायचे?

मेरीलँड हे काही पहिले उदाहरण नव्हे. मोंटाना राज्यातील बोझमन या लहानशा शहराच्या प्रशासनाने नोकरीच्या अर्जाबरोबर भरून घ्यावयाच्या नमुन्यात फेसबुक, गूगल, याहू, यूट्यूब, मायस्पेस आदी ठिकाणच्या सदस्यत्वाची नोंद मागितली होती. सोबत वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड लिहिण्यासाठी जागाही सोडली होती. जून २००९ मध्ये स्थानिक वाहिनीने ही बातमी दिली आणि देशभरातून टीकेचा असा काही भडिमार झाला की, काही दिवसांतच प्रशासनाला तो रकाना काढून टाकावा लागला.

पासवर्डबरोबर काय काय जाते?

समाजमाध्यमांवरील सर्वच मजकूर एका मापाने मोजता येत नाही, आणि नेमकी इथेच बरीच गल्लत होते. कोणालाही दिसेल असा सार्वजनिक मजकूर हा एक प्रकार. निवडक मित्रांपुरता मर्यादित मजकूर हा दुसरा. दोन व्यक्तींमधील निरोप हा तिसरा. त्याची जातकुळी बंद पाकिटातील पत्राची आहे. पासवर्ड हाती आला की हे तिन्ही दरवाजे एकदम उघडतात. त्या पत्रव्यवहारात उमेदवाराच्या बहिणीचे आजारपण असेल, मित्राची आर्थिक अडचण असेल. या मंडळींनी कोणत्याही नोकरीसाठी अर्ज केलेला नसतो आणि त्यांची संमती तर कोणीच विचारलेली नसते. शिवाय अनेक जण एकच पासवर्ड ठिकठिकाणी वापरतात, तसेच फेसबुक वा गूगलच्या खात्यावरूनच इतर संकेतस्थळांवर प्रवेश करतात. त्यामुळे एक किल्ली देताना नकळत सारा जुडगाच दिला जातो.

फेसबुकनेही या वादात उडी घेतली होती. पासवर्ड दुसऱ्याला देणे किंवा दुसऱ्याकडे मागणे हा आपल्या नियमांचा भंग असल्याचे कंपनीच्या खासगीपणविषयक प्रमुख अधिकारी एरिन ईगन यांनी मार्च २०१२ मध्ये जाहीर केले. मालकवर्गाला त्यांनी दिलेला इशारा अधिक व्यवहारी होता. उमेदवाराचे वय, धर्म किंवा अशीच एखादी बाब खात्यावरून समजली आणि नंतर त्याला नोकरी नाकारली, तर पक्षपाताचा दावा मालकावर उलटू शकतो. एकदा पाहिलेले 'पाहिले नाही' म्हणता येत नाही. वापरकर्त्यांच्या माहितीवरच ज्या कंपनीचा व्यवसाय उभा आहे तिने खासगीपणाचा कैवार घ्यावा, यातील विसंगती तेव्हाही अनेकांनी हेरली होती. पण मुद्दा चुकीचा नव्हता.

केंटकी विद्यापीठाला याचा अनुभव आला होता. तेथील वेधशाळेच्या संचालकपदासाठी २००७ मध्ये एका खगोलशास्त्रज्ञाने अर्ज केला. निवड समितीला त्याच्या संकेतस्थळावर खगोलशास्त्र आणि बायबल या विषयावरचे लेखन सापडले, त्यावर सदस्यांत ई-मेलद्वारे चर्चा झडली आणि पद दुसऱ्याला मिळाले. ती ई-मेलच पुढे धार्मिक भेदभावाच्या दाव्यात पुरावा ठरली. दोष मान्य न करता विद्यापीठाने २०११ मध्ये १ लाख २५ हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवले. हे लेखन सार्वजनिक होते, हे विशेष. सार्वजनिक मजकूर पाहणे बेकायदा नव्हते; त्यावरून धर्म हेरून निर्णय घेतला, असा आरोप होता.

कायद्याची धाव

मार्च २०१२ मध्ये चार्ल्स शूमर आणि रिचर्ड ब्लूमेंथल या दोन सिनेटरांनी न्याय विभागाकडे व समान रोजगार संधी आयोगाकडे चौकशीची मागणी केली. त्याच महिन्यात प्रतिनिधीगृहात यासंबंधीची एक दुरुस्ती मांडली गेली, ती फेटाळली गेली. स्वतंत्र विधेयकही आले आणि बारगळले. अशा मागणीला थेट बंदी घालणारा केंद्रीय कायदा अमेरिकेत आजही नाही.

राज्ये मात्र पुढे सरसावली. ज्या मेरीलँडमध्ये ठिणगी पडली त्याच राज्याने पहिला कायदा केला. विधिमंडळाने तो एप्रिल २०१२ मध्ये संमत केला, गव्हर्नर मार्टिन ओमॅली यांनी मे महिन्यात स्वाक्षरी केली आणि १ ऑक्टोबर २०१२ पासून तो अमलात आला. इलिनॉय, कॅलिफोर्निया, मिशिगन अशी रांग लागली आणि आज निम्म्याहून अधिक राज्यांत असे कायदे आहेत. त्यांतून कायदेकर्त्यांना पळवाटा एकेक करून कशा दिसत गेल्या, हेही कळते. पासवर्डवर बंदी आली की 'माझ्यासमोर खाते उघडा' ही वाट उरते. म्हणून कॅलिफोर्निया आणि मिशिगनने तीही बंद केली. मग 'मला तुमच्या मित्रयादीत घ्या' असे सांगता येते; २०१३ मध्ये आर्कान्सा आणि वॉशिंग्टन राज्यांनी त्यावरही निर्बंध आणला. बहुतेक ठिकाणी कंपनीची गुपिते पळविल्याच्या वा आर्थिक गैरव्यवहाराच्या चौकशीसाठी मर्यादित सवलत ठेवलेली आहे.

संमती दबावाखाली घेतली तर ती संमती ठरते का, या प्रश्नाला एका ज्यूरीने त्याआधीच उत्तर दिले होते. न्यू जर्सीतील एका रेस्तराँमधील कर्मचाऱ्यांनी मायस्पेसवर स्वतःपुरता, केवळ निमंत्रितांसाठी खुला असलेला गट काढला होता. तिथे ते वरिष्ठांविषयी बोलत. व्यवस्थापकांनी एका कर्मचारी महिलेकडून तिचा पासवर्ड मिळवला, गट वाचला आणि दोघांना कामावरून काढले. नकार दिला असता तर अडचणीत आले असते, असे तिने साक्षीत सांगितले. २००९ मध्ये ज्यूरीने व्यवस्थापनाला दोषी धरले. तिने पासवर्ड दिला होता, तरीही.

युरोपने निराळा मार्ग पत्करला. तेथील माहिती संरक्षण यंत्रणांच्या संयुक्त गटाने २०१७ मध्ये मालकांना बजावले की, उमेदवाराचे खाते सर्वांना दिसते एवढ्यावरून ते तपासण्याचा अधिकार मिळत नाही. ती माहिती त्या कामाशी संबंधित आणि आवश्यक असली पाहिजे, आणि तपासणी होणार हे उमेदवाराला आधी कळले पाहिजे. मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय माहिती संरक्षण नियमावलीने या भूमिकेला दंडाच्या तरतुदींचे बळ दिले.

उपयोग तरी किती?

खात्यांवरून माणूस ओळखता येतो, असे मनुष्यबळ विभागांत सर्रास मानले जाते. संशोधन त्याला दुजोरा देत नाही. 'जर्नल ऑफ मॅनेजमेंट'मध्ये २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोकरीच्या शोधात असलेल्या ४१६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची फेसबुक पाने भरती अधिकाऱ्यांना दाखवून त्यांच्याकडून गुण घेण्यात आले. नंतर नोकरीत त्यांच्यापैकी ज्यांचे मूल्यमापन मिळाले, त्यांच्या वरिष्ठांनी दिलेल्या गुणांशी त्याचा संबंध आढळला नाही. एक संबंध मात्र आढळला: महिलांना आणि गोऱ्या उमेदवारांना अधिक गुण मिळाले होते.

कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी काल्पनिक उमेदवारांच्या नावे ४ हजारांहून अधिक अर्ज अमेरिकी कंपन्यांना पाठवले. अर्जात धर्माचा उल्लेख नव्हता. तो फक्त समाजमाध्यमावरील खात्यात शोधल्यास सापडे. देशभराचा एकत्रित विचार करता लक्षणीय फरक दिसला नाही, पण रिपब्लिकन पक्षाचा जोर असलेल्या भागांत मुस्लिम उमेदवाराला मुलाखतीची बोलावणी ख्रिस्ती उमेदवारापेक्षा बरीच कमी आली. म्हणजे कोणीतरी खाती पाहत होते, आणि जे पाहायला नको तेच पाहत होते. आपल्याकडे आडनावावरून जात आणि गाव हुडकणाऱ्यांना हा प्रकार परका वाटू नये.

भारतात काय?

उमेदवाराकडे पासवर्ड मागण्यास स्पष्ट शब्दांत मनाई करणारा कायदा भारतात नाही. मात्र जे आहे तेही अगदीच तोकडे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांत 'संवेदनशील वैयक्तिक माहिती'च्या यादीत पासवर्डचा समावेश आहे. ती घेण्यासाठी लेखी संमती लागते आणि ती कायदेशीर उद्देशासाठी आवश्यक असावी लागते. पदवीधर हिशेबनिसाच्या नेमणुकीसाठी त्याच्या इन्स्टाग्रामचा पासवर्ड 'आवश्यक' कसा, हे पटवून देणे कोणत्याही कंपनीला जड जाईल. पण हे नियम कंपन्या, भागीदारी संस्था अशा व्यावसायिक आस्थापनांना लागू आहेत. सरकारी खात्यांना नाहीत. मेरीलँडसारखा प्रकार इथे घडला, तर उमेदवाराला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिलेल्या निकालाचा आधार घ्यावा लागेल. खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा त्यात आहे. दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरणे हा याच कायद्याच्या कलम ६६ सीनुसार तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. उमेदवाराने तो स्वतः दिला असेल, तर कपट सिद्ध करणे मात्र कठीण.

संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, मुख्य तरतुदींच्या अंमलबजावणीसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवलेली आहे. संमती मुक्त, विशिष्ट, विनाशर्त हवी आणि आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती हवी, असे हा कायदा म्हणतो. नोकरीच्या अटीखाली दिलेली संमती विनाशर्त मानता येणार नाही, असा युक्तिवाद त्यावर उभा राहू शकतो. पण दोन बाबी उमेदवाराच्या विरोधात जातात. 'रोजगाराच्या प्रयोजनासाठी' संमतीविना माहिती वापरण्याची मुभा कायद्यातच आहे. ती फक्त नोकरीत असलेल्यांपुरती की अर्जदारांनाही लागू, हे शब्दरचनेवरून स्वच्छ होत नाही. दुसरी बाब अशी की, व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला हा कायदाच लागू नाही. युरोपात जिथे संरक्षण सुरू होते, तिथे ते भारतात संपते.

परदेशी जाणाऱ्या मराठी तरुणांसाठी याला आणखी एक पदर आहे. अमेरिकेने व्हिसा अर्जात गेल्या पाच वर्षांतील समाजमाध्यम खात्यांची नावे मागण्यास २०१९ मध्ये सुरुवात केली. जून २०२५ मध्ये विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना आपली खाती सर्वांना दिसतील अशी ठेवण्यास सांगण्यात आले आणि १५ डिसेंबर २०२५ पासून हाच नियम एच-१बी व त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-४ व्हिसासाठी लागू झाला. इथे पासवर्ड मागितला जात नाही आणि मागणारा मालक नाही, सरकार आहे. परंतु वकिलातीसाठी उघडे केलेले खाते केवळ वकिलातीलाच दिसत नाही. पुण्यातील किंवा न्यू जर्सीतील भरती अधिकाऱ्यालाही ते तितकेच उघडे असते, आणि ते पाहण्यासाठी त्याला कोणाची परवानगी मागावी लागत नाही.