पाळी गेल्यावर आईच्या ताटात काय असावं?

"इंजिनिअरिंगच्या मॅगझिनमध्ये हा काय विषय?" असं तुम्ही म्हणणार, हे मला माहीत आहे. रोबोटवर लेख लिहिणारे खूप आहेत. मी आईच्या हृदयावर लिहायचं ठरवलं.

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे 'मेनोपॉज' हा शब्द आधी कळला आणि 'रजोनिवृत्ती' नंतर. घरी यातला एकही शब्द कोणी वापरत नाही. "पाळी गेली" एवढंच, तेही हळू आवाजात. सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं मानतात. भारतात याचं सरासरी वय साधारण ४६-४७ आहे. म्हणजे आपल्यापैकी कितीतरी जणांच्या आया आज याच उंबरठ्यावर आहेत. आपल्या मेसच्या मावशी आणि काही मॅडमसुद्धा!

याचा हृदयाशी काय संबंध? बायकांच्या शरीरात इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन असतं. ते यकृताला रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, काढून टाकायला मदत करतं आणि रक्तवाहिन्या लवचिक ठेवतं. पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं. एलडीएल वाढतं, चरबी पोटाभोवती जमायला लागते, रक्तदाबही वर सरकतो. तरुणपणी पुरुषांपेक्षा कमी असलेला धोका आता वाढत जातो.

फ्लुइड मेकॅनिक्समधलं पॉइझ्युलीचं सूत्र आठवा. दाब तोच असेल तर नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा नाही, सोळाव्या हिश्श्यावर येतो! रक्तवाहिनी काही सरळसोट पाइप नाही, पण आतून थोडा थर बसला तरी केवढा फरक पडतो, ते यावरून कळतं.

मग हार्मोनच्या गोळ्या घेऊन हे संरक्षण परत मिळवता येईल का? अमेरिकेत १६ हजारांहून जास्त बायकांवर मोठा अभ्यास झाला. २००२ साली त्याचा दोन हार्मोन एकत्र देण्याचा भाग मध्येच थांबवावा लागला, कारण स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला, आणि हृदयविकारही कमी व्हायच्या ऐवजी थोडा वाढलेला दिसला. अंगातून गरम वाफा येण्यासारख्या त्रासावर डॉक्टर आजही या गोळ्या देतात, पण फक्त हृदय वाचवायला म्हणून नाही. राहिलं काय? रोजचं चालणं आणि रोजचं ताट.

आनंदाची गोष्ट अशी, की त्या ताटासाठी मॉलमधले ओट्स आणायची गरज नाही. आपल्या वाशीम जिल्ह्यात जे पिकतं, त्यातच बरंच काही आहे. ज्वारीची भाकर घ्या. तिच्यात तंतू भरपूर, पोट भरतं आणि साखर हळूहळू वाढते. तूर, हरभरा, मूग यांच्या डाळींमधले तंतू कोलेस्टेरॉल खाली आणायला मदत करतात. अंबाडी, मेथी, तांदूळजा, शेवगा या भाज्या तर हक्काच्या. जवसाची चटणी आजी करायची, आपण विसरलो. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ असतं!

आणि सोयाबीन? खरिपात रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत जिकडे बघाल तिकडे सोयाबीन. त्यात साधारण ४० टक्के प्रथिनं असतात. पण सगळं पोतं मार्केटला जातं आणि घरी येतो फक्त तेलाचा पुडा. दहा किलो गव्हाच्या दळणात एक किलो भाजलेलं सोयाबीन घातलं तर पोळीची चव फारशी बदलत नाही. कच्चं मात्र घालू नका, ते पचत नाही.

आता कमी काय करायचं? पहिलं मीठ. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे. ठेचा, लोणचं, पापड, कुरडई यांतलं मीठही त्यातच धरायचं. पापडखारातही सोडियम असतंच. दुसरं तेल. बैठं काम असेल तर दिवसाला चार-पाच चहाचे चमचे पुरेत. तर्री डोळ्यांना छान दिसते, पण रोज नको. वनस्पती तूप आणि तेच तेच तेल पुन्हा तापवून तळणं, हे तर बंदच.

तिसरा मुद्दा नाजूक आहे, उपवासाचा. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, त्यामुळे आपल्याकडे गुरुवार पाळणाऱ्या आया पुष्कळ. शिवाय सोमवार, चतुर्थी, एकादशी. श्रद्धेला कोणी हात लावत नाही. पण दिवसभर चहा आणि मग ताटभर साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. त्याऐवजी भगर, राजगिरा, दही, एखादं फळ चालतंच की.

पण हे सगळं आणून उपयोग काय, जर आई शेवटी जेवत असेल? डाळ आपण संपवतो, भाजी बाबा आणि पाहुणे संपवतात. तिच्या वाट्याला कालची शिळी भाकर, लोणचं आणि तळाशी राहिलेली तर्री येते. म्हणजे मीठ आणि तेल जास्त, डाळ-भाजी कमी, नेमकं उलटं! माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे, आणि तो सोडवायला डिग्री लागत नाही. सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि तिचं ताट आधी वाढायचं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. बायकांना हार्ट अटॅकमध्ये दर वेळी छातीत जोरात दुखतंच असं नाही. दम लागणं, पाठ किंवा जबडा दुखणं, मळमळ, कधी न आलेला थकवा, असंही होतं. "ॲसिडिटी असेल" म्हणून थांबू नका, १०८ ला फोन करा. तिशीनंतर रक्तदाब आणि शुगर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासून मिळते. बीपी, शुगर किंवा किडनीची औषधं चालू असतील तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा.

तेव्हा या शनिवारी एस.टी.ने घरी जाल, तेव्हा धुवायच्या कपड्यांच्या बॅगेत जवसाचा एक पुडा टाका. आणि आईला विचारा, "बीपी शेवटचं कधी मोजलं होतं गं?"